खनिजं आणि डायबेटिस: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे, ठाण्यात आणि वाशीला दोन्हीकडे बसते. शुगर बॉर्डरवर आलीये म्हणून माणसं येतात तेव्हा भात किती, गोड किती हे बोलणं होतंच, पण हल्ली बरेच जण मोबाईल पुढे करून विचारतात की मॅडम ही मॅग्नेशियमची गोळी घेऊ का, ही क्रोमियमची पावडर चांगली आहे का, सैंधव मीठ सुरू केलंय ते बरोबर ना. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकत्र लिहिलंय. कोणाचं औषध बंद किंवा सुरू करायला हे लिहिलेलं नाही, ते तुमच्या डॉक्टरांकडेच.

खनिजं म्हणजे त्यात काय काय आलं?

कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस ही जरा जास्त प्रमाणात लागणारी, आणि लोह, झिंक, तांबं, सेलेनियम, आयोडिन ही अगदी थोडी लागणारी. जमिनीतून पिकात आणि पिकातून आपल्यात येतात, शरीर स्वतः बनवू शकत नाही. यांच्यात कॅलरी नसतात त्यामुळे जेवल्यावर शुगर वाढते तशी यांनी वाढत नाही, पण इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशीत पोचवणारं हार्मोन, साठवणं, सोडणं आणि पेशींनी त्या इन्सुलिनला दाद देणं या सगळ्या कामात ती लागतात.

मग खनिज कमी पडलं की डायबेटिस होतो का?

इतकं सरळ नाही. टाइप २ डायबेटिसची मोठी कारणं म्हणजे पोटावरची चरबी, घराण्यात असणं, बैठं काम, वाढतं वय, अपुरी झोप. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडियाब या देशभरच्या डायबेटिस पाहणीचे आकडे २०२३ साली आले त्यात देशात १० कोटीच्या वर डायबेटिसवाले आणि १३ कोटी ६० लाख प्रीडायबेटिसवाले, म्हणजे शुगर बॉर्डरवर असलेले, निघाले, हे सगळे काय मॅग्नेशियम कमी पडलं म्हणून झालेले नाहीत. खनिजांचा वाटा त्यामानाने लहान आहे, पण तो आपल्या ताटावर ठरतो, म्हणजे हातातला आहे, म्हणून मला त्याबद्दल बोलावंसं वाटतं.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या, हे दोन्ही बाजूंनी चालतं. शुगर वाढलेली राहिली की लघवी जास्त होते आणि लघवीवाटे मॅग्नेशियम, झिंक पण जास्त निघून जातं. म्हणजे डायबेटिसवाल्याच्या रक्तात मॅग्नेशियम कमी दिसलं तर ते डायबेटिसमुळे कमी झालेलं असू शकतं, त्याच्यामुळे डायबेटिस झाला असं लगेच म्हणता येत नाही. मोबाईलवरचे व्हिडिओवाले नेमकं हेच गाळतात.

मॅग्नेशियमचं एवढं नाव का आहे?

कारण सगळ्या खनिजांत याचा पुरावा त्यातल्या त्यात भक्कम आहे. इन्सुलिन पेशीवर येऊन बसलं की आत जो निरोप जातो तो पुढे सरकवणाऱ्या एन्झाइमना, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवणाऱ्या प्रोटीनना, मॅग्नेशियम लागतं, ते कमी असलं की पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाही, यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. शरीरातल्या ३०० च्या वर एन्झाइमना मॅग्नेशियम लागतं, त्यातली बरीचशी साखर जाळण्याच्या कामातलीच.

आता माणसांवरचा पुरावा. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी सात मोठे अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात मिळून २ लाख ८६ हजारांवर माणसं होती आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलेलं. जेवणातून दिवसाला १०० मिलिग्रॅम जास्त मॅग्नेशियम घेणाऱ्यांत टाइप २ डायबेटिसचा धोका साधारण १५ टक्के कमी निघाला. नंतरच्या अशाच अभ्यासांतही दिशा तीच राहिली.

पण हे जास्त मॅग्नेशियम खाणारे लोक कोण होते ते बघा ना, अख्खं धान्य, डाळी, दाणे, पालेभाज्या खाणारे. त्यांना सोबत फायबरही जास्त मिळत होतं, मैदाही कमी जात होता, बरेचदा वजनही आटोक्यात होतं. संशोधक हिशोबात हे वजा करायचा प्रयत्न करतात पण पूर्ण वजा होत नाही. म्हणून मी म्हणते की या पुराव्यातून मॅग्नेशियमची बाटली निघत नाही, ज्वारीची भाकरी निघते.

पण गोळीने काहीच होत नाही का?

ज्यांच्या रक्तात मॅग्नेशियम खरंच कमी आहे त्यांना गोळीने फायदा झालेला दिसलाय, काही छोट्या चाचण्यांमध्ये फास्टिंग शुगर आणि इन्सुलिन रेझिस्टन्स थोडं सुधारलं. ज्यांचं नॉर्मल आहे त्यांच्यात ठोस काही हाती लागत नाही. आणि गोळीने डायबेटिस होणंच टळलं असं दाखवणारी मोठी, लांब चाललेली चाचणी झालेली नाही. जास्त डोसने जुलाब होतात हे नक्की, आणि किडनी कमजोर असेल तर मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं, ते धोकादायक आहे. किडनीचा त्रास असलेल्यांनी अँटासिड आणि जुलाबाच्या औषधांतलं मॅग्नेशियमसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं.

टेस्ट करून घेऊ का मॅग्नेशियमची?

सरसकट सगळ्यांनी नको. शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहून कमी रक्तात असतं, बाकी हाडांत आणि पेशींत, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी आत थोडी कमी असू शकते. पण पायात गोळे येतायत, हातपाय थरथरतात, बरेच दिवस जुलाब, वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी, लघवी जास्त होण्याची बीपीची गोळी, दारू नेहमीची, शुगर खूप वाढलेली, यातलं काही असेल तर डॉक्टरांना सांगा, ते टेस्ट लिहून देतील. त्यात कमी आलं तर मात्र दुर्लक्ष करू नका.

कशातून मिळतं मग? आम्ही साधं घरचं जेवतो.

साधं घरचं म्हणजे काय त्यावर आहे. डब्यात चपाती भाजी, संध्याकाळी स्टेशनवर वडापाव आणि रात्री वरणभात असं असेल तर मॅग्नेशियम बेताचंच जातंय. पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला साधारण २० मिलिग्रॅम असतं, आणि ज्वारी, बाजरी, नाचणी, चक्कीचं गव्हाचं पीठ यांत १२० ते १५० च्या आसपास. गव्हाचा मैदा केला की कोंडा आणि अंकुर निघून जातो आणि त्याच्यासोबत ८० टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम पण जातं, पाव, खारी, टोस्ट, नूडल्स सगळं त्यातच आलं.

शेंगदाणे, तीळ, जवस, राजगिरा, भोपळ्याच्या बिया, चणे, मूग, चवळी, पालक, माठ, शेवग्याची पानं, या सगळ्यात भरपूर आहे. आपल्या आजीच्या जवसाच्या, तिळाच्या, कारळ्याच्या चटण्या आठवा, भाकरीवर चमचाभर घेतली तरी हिशोब बराच बदलतो. धान्य महाग पडतं म्हणणाऱ्यांना मी सांगते की चार घरं मिळून वाशीच्या एपीएमसीच्या दाणा मार्केटमधून ज्वारी, बाजरी आणा आणि दळून वाटून घ्या. ठाण्यात पावसाळ्यात येऊरकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात, टाकळा, कुरडू, भारंगी, त्या सीझनमध्ये जरूर घ्या, कशी निवडायची आणि कशी शिजवायची ते त्याच सांगतात आणि नीट सांगतात.

नाचणी सुरू केली आणि माझी शुगर उलट वाढली, असं कसं?

हे खूप जणांचं होतं आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. नाचणीत मॅग्नेशियम, कॅल्शियम आहे म्हणून ती साखर वाढवत नाही असं नाही, शेवटी ते धान्य आहे, त्यात स्टार्च आहेच. नाचणीचं सत्त्व काढून, गाळून, पातळ शिजवून गूळ घालून प्यायलात तर ते पोटातून झरझर पुढे जातं आणि शुगर चढते. त्याच नाचणीची भाकरी, सोबत मटकीची उसळ आणि पालेभाजी अशी खाल्ली तर तेवढी चढत नाही. आणि नाचणीची बिस्किटं घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा, पहिलं नाव बरेचदा मैद्याचं असतं, दुसरं साखरेचं. प्रमाण पण बघा, तीन भाकऱ्यांच्या ऐवजी चार नाचणीच्या भाकऱ्या हा काही पथ्याचा बदल नाही.

झिंक आणि इन्सुलिनचं काय नातं आहे?

हे नातं फार जवळचं आहे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करून साठवतात तेव्हा इन्सुलिनचे सहा रेणू दोन झिंकभोवती गुंफून ठेवतात. इंजेक्शनच्या बऱ्याच इन्सुलिनमध्येसुद्धा झिंक असतं. झिंकला त्या साठवणीच्या पिशवीत पोचवणारं एक प्रोटीन आहे, त्याच्या जनुकातला एक फरक टाइप २ डायबेटिसच्या धोक्याशी जोडलेला आहे हे २००७ मध्ये सापडलं.

मग जास्त झिंक घेतलं की जास्त चांगलं? तर २०१४ मध्ये उलटंच दिसलं, दीड लाखाच्या आसपास माणसांच्या तपासणीत ज्यांच्यात ते प्रोटीन जन्मतः अर्धंच काम करत होतं त्यांना डायबेटिसचा धोका बराच कमी होता. म्हणजे शरीरातली ही यंत्रणा किती गुंतागुंतीची आहे बघा, वरून गोळ्या ओतून ती सुधारेल असं मानणं बरोबर नाही. कमतरता असेल, म्हणजे जखम भरत नाही, चव गेल्यासारखी वाटते, केस गळतायत, सारखं आजारपण, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक दिवस झिंक घ्यायला हरकत नाही. महिनोन् महिने जास्त डोस घेतलात तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्याने अ‍ॅनिमिया आणि नसांचा त्रास होऊ शकतो. कोविडच्या वेळेला सुरू झालेली झिंकची गोळी अजून चालू आहे अशी माणसं मला आजही भेटतात, कृपा करून एकदा विचारून घ्या की ती अजून कशासाठी चाललीये.

आम्ही शाकाहारी, आम्हाला झिंक, लोह मिळणारच नाही असं म्हणतात.

मिळतं, पण थोडी मेहनत आहे. धान्य-डाळींमध्ये फायटेट असतं ते झिंक आणि लोह धरून ठेवतं, शोषू देत नाही. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं याने फायटेट कमी होतं. मोडाची मटकी, मोडाचे मूग, आंबोळी, इडली, ढोकळा हे सगळं त्यासाठी उत्तम, फक्त इडली-आंबोळी शुगरवाल्यांनी डाळीचं प्रमाण वाढवून आणि मोजून खायची. उसळीवर लिंबू पिळा, त्यातल्या व्हिटॅमिन सीने लोह चांगलं शोषलं जातं. एवढं केलं तरी बराच फरक पडतो.

आणि आम्ही मासे खाणारे?

आगरी-कोळी घरात जे खातात त्यात खनिजं उत्तम आहेत. कालवं तर झिंकच्या बाबतीत सगळ्यात वर, तिसऱ्या, खेकडे, कोलंबी हेही चांगले, मांदेली, बारीक बोंबील काट्यासकट चावून खाल्ले की कॅल्शियम पण मिळतं. बेलापूरच्या दिवाळे गावातून ताजी मासळी घेणारी मंडळी मला माहितीयेत, त्यांना मी अजिबात अडवत नाही. दोन गोष्टी सांगते. एक, सुकट, जवळा, खारवलेले बोंबील यात मीठ जबरदस्त असतं, बीपी असेल तर धुवून, भिजवून आणि कमी वेळा. दुसरं, शिंपल्या, कालवं पाणी गाळून जगतात त्यामुळे घाण पाण्यातले जड धातू त्यांच्यात साठतात, नाल्याच्या किंवा कारखान्याच्या पाण्याजवळ खाडीत वेचलेली खाऊ नका. तळण्यापेक्षा कालवण बरं, आणि सोबत भाताचा डोंगर नको.

क्रोमियमने शुगर कंट्रोल होते असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

याचा इतिहास बघितला तर हा गाजावाजा कुठून आला ते कळतं. १९५९ मध्ये उंदरांवरच्या कामातून क्रोमियम साखरेच्या कामात लागतं अशी कल्पना पुढे आली. १९७७ मध्ये कॅनडात एक बाई कितीतरी दिवस फक्त शिरेतून अन्न घेत होती, तिला डायबेटिससारखं झालं आणि क्रोमियम दिल्यावर सुधारलं, त्यावरून खूप चर्चा झाली. १९९७ साली चीनमध्ये १८० डायबेटिसवाल्यांवर चाचणी झाली त्यात शुगर कमी झाली. पण नंतरच्या चाचण्यांत तसं सातत्याने दिसलं नाही. २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर सांगितलं की निरोगी माणसाला क्रोमियम आवश्यक आहे याचाच पटेलसा पुरावा नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन क्रोमियम घ्या असं सांगत नाही. जास्त डोसने किडनी, लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदवल्या गेल्यात. तेवढ्या पैशात महिन्याची डाळ आणि दाणे येतात.

सेलेनियम?

नको. अमेरिकेत त्वचेचा कॅन्सर टाळण्यासाठी लोकांना वर्षानुवर्षं २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलं होतं, २००७ मध्ये त्याच लोकांचा हिशोब पुन्हा केला तर सेलेनियम घेणाऱ्यांत टाइप २ डायबेटिस दीडपटीच्या आसपास निघाला. अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच असणार, या समजुतीला हे मोठं उत्तर आहे. मल्टिव्हिटॅमिन घेत असाल तर मागे सेलेनियम किती लिहिलंय ते बघा, आणि दोन-तीन सप्लिमेंट एकदम घेत असाल तर त्यांची बेरीज करा.

आयर्नच्या गोळीने डायबेटिस होतो असं वाचलं. मी अ‍ॅनिमिक आहे, बंद करू का?

अजिबात बंद करू नका. हे अर्धवट वाचून बायकांनी गोळ्या सोडल्या की मला खरंच काळजी वाटते.

नीट सांगते. शरीरात लोह फार साठलं तर ते बीटा पेशींना आणि लिव्हरला त्रास देतं, हे खरं आहे. काही जणांना लोह साठण्याचा आनुवंशिक आजार असतो, त्यात डायबेटिस होतो. थॅलेसेमिया मेजर या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना सारखं रक्त चढवावं लागतं, त्यातून लोह साठतं आणि पुढे त्यांना डायबेटिस होण्याची भीती असते, म्हणून त्यांना लोह बाहेर काढायची औषधं देतात. आणि मोठ्या अभ्यासांमध्ये लाल मटणातून मिळणारं लोह खूप घेणाऱ्यांत, आणि ज्यांचं फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, जास्त आहे अशांत टाइप २ जास्त दिसलाय. फेरिटिन मात्र फॅटी लिव्हर आणि अंगात सूज असली तरी वाढतं, त्यामुळे जास्त फेरिटिन म्हणजे जास्त लोहच असं नाही.

पण आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अ‍ॅनिमिक निघाल्या. त्यांचा प्रश्न लोह जास्त होण्याचा नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळी पूर्ण कोर्स घ्यायची, आणि नॉर्मल असताना ताकदीसाठी म्हणून टॉनिक पीत राहायचं नाही, विशेषतः पुरुषांनी. एवढाच नियम.

हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीए१सी चुकतो का?

चुकू शकतो, आणि हा प्रश्न विचारणारे कमी आहेत म्हणून मी स्वतःहून सांगते. एचबीए१सी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीये त्याचं माप, आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून तो मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. लोहाच्या कमतरतेत पेशी जुन्या होतात, जास्त दिवस फिरत राहतात, त्यामुळे त्यांना साखर जास्त चिकटते आणि आकडा खऱ्यापेक्षा वर येतो. बी१२ कमी असेल तरी असंच होऊ शकतं. उलट रक्तस्राव झाला असेल, नुकतं रक्त चढवलं असेल किंवा लाल पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर आकडा खऱ्यापेक्षा खाली येतो.

याचा अर्थ काय, तर एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन ८ आहे, एचबीए१सी ६ आला आणि फास्टिंग ९० आहे, तर लगेच प्रीडायबेटिसचा शिक्का मारून घ्यायचा नाही, जेवणानंतरची शुगर किंवा ग्लुकोज पिऊन केलेली टेस्ट करायची, अ‍ॅनिमिया बरा करायचा आणि मग एचबीए१सी परत बघायचा. थॅलेसेमिया मायनर (त्या आजाराचं सौम्य रूप) किंवा सिकल सेल (लाल पेशींचा आकार बिघडवणारा आनुवंशिक आजार) असेल तरी आकड्यात गडबड होते. उल्हासनगर, ठाण्याकडे सिंधी समाज मोठा आहे आणि त्या समाजात, तसंच कच्छी-लोहाणा समाजात, थॅलेसेमिया मायनर बऱ्यापैकी आढळतो, आदिवासी पट्ट्यात सिकल सेल. घरात कोणाला असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांगा, रिपोर्टचा अर्थ त्यावरून बदलतो.

नारळपाणी, केळं चालतं का? पोटॅशियमसाठी.

पोटॅशियम कमी झालं तर स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडतं, बीपीच्या काही लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम कमी होतं आणि शुगर थोडी वर जाते, त्याचं एक कारण हेच मानतात. त्यामुळे भाज्या, डाळी, फळं यातून पोटॅशियम मिळणं चांगलंच. किडनी ठीक असेल तर एक छोटं केळं, कधीतरी नारळपाणी चालतं, ते साखर म्हणून मोजायचं एवढंच.

पण तुमची किडनी कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशी बीपीची गोळी असेल, तर रक्तात पोटॅशियम वाढू शकतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. डायबेटिसवाल्यांत हे दोन्ही खूप कॉमन आहे. अशांनी रोज नारळपाणी सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची टेस्ट) आणि पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवा. आणि कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं हे लक्षात ठेवा, हे बऱ्याच घरांत कोणाला ठाऊकच नसतं.

सैंधव मीठ खातोय, त्यात ८४ खनिजं असतात ना?

असतील, पण इतकी कणभर की त्यातून रोजची गरज भागवायची तर मीठच मुठीने खावं लागेल. ते ९५ टक्क्यांच्या वर सोडियम क्लोराइडच आहे. आणि साध्या सैंधवात आयोडिन घातलेलं नसतं, त्यामुळे फक्त तेच वापरणाऱ्या घरात आयोडिन कमी पडू शकतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून. रंग कोणताही असो, मोजा.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी?

आवडत असेल तर प्या, पण त्याने शुगर उतरत नाही. ताक, लिंबूपाणी, चिंचेचं काही त्यात ठेवू नका, आंबटाने तांबं सुटतं आणि उलट्या, मळमळ होते.

आरओच्या पाण्यातून खनिजं निघून जातात, मग काय करायचं?

निघतात, खरंय. पण आपली खनिजं मुख्यतः जेवणातून येतात, पाण्याचा वाटा छोटा. आधी बघा की तुम्हाला आरओ लागतोय का. नवी मुंबई पालिकेचं पाणी मोरबे धरणातून येतं, ठाण्याचंही धरण-नदीचंच, बोअरवेलचं नाही. भारतीय मानकाप्रमाणे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ५०० पर्यंत चालतो. पालिकेचं पाणी असेल तर टीडीएस मोजून घ्या, कमी असेल तर साधा फिल्टर आणि यूव्ही किंवा उकळणं पुरतं. टँकर किंवा बोअरवेलवर असाल तर गोष्ट वेगळी, तिथे आरओ ठेवा आणि खनिजांसाठी ताटाकडे बघा.

कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी घेतल्यावर डायबेटिस टळतो का?

डीची एक मोठी चाचणी २०१९ मध्ये आली, २४२३ प्रीडायबेटिसवाल्यांना रोज ४००० युनिट किंवा नुसतीच दिखाऊ गोळी दिली, डायबेटिस होण्यात नक्की म्हणता येईल असा फरक दिसला नाही. हाडांसाठी, कमतरतेसाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर घ्या. कॅल्शियम नाचणी, तीळ, दही-ताक, शेवग्याची पानं, काट्याची मासळी यातून आधी.

आधीच चालू असलेल्या औषधांचा खनिजांवर परिणाम होतो का?

होतो. मेटफॉर्मिनने बी१२ कमी होतं, ते खनिज नाही पण सांगते कारण हातापायात मुंग्या आल्या की लोक थेट डायबेटिसवर ढकलतात, बी१२ तपासून घ्या. पँटोप्राझोलसारखी अ‍ॅसिडिटीची गोळी खूप महिने घेतली तर मॅग्नेशियम उतरू शकतं, अमेरिकेच्या औषध विभागाने २०११ मध्येच तशी सूचना काढली होती. मेडिकलमधून स्वतःच आणून दोन-तीन वर्षं रोज घेणारे खूप आहेत, त्यांनी डॉक्टरांना एकदा दाखवा.

माझ्या आईवडिलांना दोघांनाही आहे, मला अजून नाही. खनिजांचं बघू की दुसरं काही?

दुसरं आधी. कंबर मोजा, पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठीची रेषा आहे. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने २००५ मध्ये इंडियन डायबेटिस रिस्क स्कोर काढला, त्यात फक्त चार गोष्टी आहेत, वय, कंबर, हालचाल आणि आईवडील, ६० किंवा जास्त आला तर रक्त तपासायचंच. फास्टिंग १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस.

आणि तिथून मागे फिरता येतं. आपल्याच देशातल्या ५३१ प्रीडायबेटिसवाल्यांवर डॉ. रामचंद्रन यांनी केलेल्या चाचणीत, २००६ मध्ये ती आली, खाणं आणि चालणं सुधारून डायबेटिस होण्याचं प्रमाण २८.५ टक्के कमी झालं, मेटफॉर्मिनइतकंच. कोणत्याही खनिजाच्या गोळीने हे करून दाखवलेलं नाही. महापे, ऐरोलीला दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी जेवल्यावर पंधरा मिनिटं तरी बिल्डिंगभोवती चालावं, संध्याकाळी तलावपाळी, उपवन, पाम बीच रोडच्या कडेचा ट्रॅक, जे जवळ असेल ते. ताटातलं अख्खं धान्य, उसळ, पालेभाजी यातून खनिजं आपोआप येतात, वेगळी मोजायची गरज पडत नाही.

गोळ्या आणि चहा यांच्या वेळा कशा ठेवायच्या?

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि तिच्यानंतर चार तास लोह किंवा कॅल्शियम नको. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, एक सकाळी, एक रात्री. लोहाच्या गोळीसोबत चहा, कॉफी, दूध नको, लिंबूपाणी किंवा आवळा चालेल, साखर न घालता. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. अँटिबायोटिक चालू असेल, विशेषतः डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन, तर मॅग्नेशियम, झिंक, लोह, कॅल्शियम त्याच्यापासून काही तास लांब ठेवा, केमिस्टला नेमकी वेळ विचारा. आणि डॉक्टरांकडे जाताना घेत असलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून घेऊन जा, पावडरसकट.